अनोळखी फाईलीची पारख

दारीं अनोळखी मनुष्य आला असतां शहाणा गृहस्थ त्यास एकदम माजघरांत नेत नाहीं, आणि चोर समजून त्याच्या अंगावर धांवूनहि जात नाहीं. तो त्यास ओट्यावर बसवितो, नांवगांव विचारितो, कोणाकडून आला याची चौकशी करितो, आणि मग त्याच्याशीं कसें वागावें हें ठरवितो. संगणकावर एखादी अपरिचित प्रोग्रामची फाईल आढळली असतां हीच रीत पाळावी, हें या पाठांत उदाहरणांनिशीं दाखवावें असा आमचा हेतु आहे. हल्लीं घरोघरीं संगणक किंवा मोबाईल असतो, आणि घरांतील कोणाच्याहि बोटाच्या एका दाबानें वर्षानुवर्षें जमविलेली पुंजी जाऊं शकते. म्हणून हा पाठ मुलांबरोबर पालकांनींहि वाचावा अशी आमची विनंती आहे.

प्रोग्रामची फाईल म्हणजे काय?

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. छायाचित्र, गाणें, निबंध यांच्या फाईली म्हणजे माहिती होय. प्रोग्रामची फाईल म्हणजे संगणकास दिलेल्या हुकुमांची यादी होय. छायाचित्र दुसरा एखादा प्रोग्राम उघडून दाखवितो. प्रोग्राम मात्र स्वतः काम करूं लागतो. आपण तो चालविला कीं, आपणांस संगणकावर जें जें करितां येतें तें तें बहुधा त्यासहि करितां येतें: आपल्या फाईली वाचणें, त्या पुसून टाकणें, त्या परक्याकडे पाठविणें. विंडोजवर अशा फाईलींच्या नांवाशेवटीं ‘ईएक्सई’, ‘एमएसआय’, ‘बीएटी’, ‘व्हीबीएस’ यांसारखीं अक्षरें असतात; अँड्रॉइड फोनवर ‘एपीके’ असतें. वर्ड व एक्सेल यांच्या फाईलींतहि ‘मॅक्रो’ नांवाचे हुकूम दडलेले असूं शकतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, प्रोग्रामची फाईल नुसती डिस्कवर पडून असली म्हणजे सहसा कांहीं बिघडत नाहीं; धोका आहे तो ती चालविण्याच्या क्षणीं. यास्तव सारी चौकशी त्या क्षणापूर्वीं झाली पाहिजे. या चौकशीसाठीं आपण पांच साक्षीदार बोलावूं. प्रत्येकजण कांहीं तरी खरें सांगतो, परंतु प्रत्येकाच्या ठायीं एक उणीवहि आहे. ती उणीव ठाऊक असली तरच त्याच्या साक्षीचा उपयोग होतो.

पहिला साक्षीदार: नांव

४ मे २००० रोजीं जगांतील लाखों लोकांस एक ई-मेल आला. विषय होता ‘आय लव्ह यू’, आणि सोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी’ अशी एक फाईल दिसत होती. ‘टीएक्सटी’ म्हणजे साधा मजकूर, असें समजून लोकांनीं ती उघडली. खरें पाहतां फाईलीचें नांव तेथें संपत नव्हतें. त्यापुढें ‘.व्हीबीएस’ ही आणखी एक शेपटी होती, म्हणजे ती प्रोग्रामची फाईल होती. परंतु परिचित शेपट्या लपवून ठेवण्याची विंडोजची रीत असल्यामुळें ती कोणास दिसली नाहीं. फाईल उघडतांच तिनें संगणकावरील छायाचित्रें व इतर फाईली नष्ट केल्या, आणि त्या मनुष्याच्या पत्त्यांच्या वहींत जितके स्नेही होते तितक्यांस आपली एकेक प्रत पाठविली. ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सला त्या दिवशीं आपली ई-मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. हा उपद्रव फिलिपाईन्समधील मनिला शहरीं एका तरुण विद्यार्थ्यानें निर्माण केला होता. त्या देशांत अशा कृत्याविरुद्ध तेव्हां कायदाच नसल्यामुळें त्यास शिक्षा झाली नाहीं. कायदा झाला तो पुढच्या महिन्यांत, जून २००० मध्यें.

या प्रसंगापासून दोन धडे मिळतात. पहिला असा कीं, नांवाची शेपटी पाहिल्यावांचून फाईलीस हात लावूं नये. विंडोज ११ मध्यें फाईल एक्स्प्लोररमधील ‘व्ह्यू’, त्यांतील ‘शो’ व त्यांतील ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ या ठिकाणीं खूण केली म्हणजे शेपट्या दिसूं लागतात. हें काम प्रत्येकानें आजच करावें. फाईलीवर दिसणाऱ्या चित्रावरहि विसंबूं नये, कारण प्रोग्राम करणारा आपल्या फाईलीस वाटेल तें चित्र लावूं शकतो. दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. तें पत्र परक्याकडून आलेलें नव्हतें. तें खरोखरच मित्राच्या संगणकावरून आलें होतें, परंतु मित्रानें तें लिहिलें नव्हतें. यास्तव ‘ओळखीच्या मनुष्यानें पाठविलें’ एवढ्यानें फाईल ओळखीची ठरत नाहीं. शंका आली कीं त्या मनुष्यास फोन करून ‘तुम्हीं हें पाठविलें काय?’ असें विचारावें. यांत कमीपणा मुळींच नाहीं.

दुसरा साक्षीदार: ठिकाण

कधीं कधीं चालू प्रोग्रामांच्या यादींत, म्हणजे टास्क मॅनेजरमध्यें, एखादें विचित्र नांव पाहून विद्यार्थी घाबरून जातात. ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई’ हें त्यांतील प्रसिद्ध नांव होय. ही विंडोजचीच फाईल आहे. पडद्याआड चालणारीं पुष्कळ कामें ती सांभाळते, आणि एकाच वेळीं तिच्या अनेक प्रती चालू दिसल्या तरी त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु नेमकें याच कारणामुळें लबाड लोक आपल्या प्रोग्रामास हेंच नांव देतात, किंवा दोन अक्षरांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ असें नांव ठेवितात.

येथें राहण्याचें ठिकाण विचारावें. यादींतील नांवावर माऊसचें उजवें बटण दाबून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडलें म्हणजे फाईल कोठें आहे तें दिसतें. खऱ्या एसव्हीसीहोस्टचें घर ‘सी’ ड्राइव्हवरील ‘विंडोज’ या फोल्डरांतील ‘सिस्टिम३२’ हें होय. त्याच नांवाची फाईल डाऊनलोड्समध्यें किंवा तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरांत चालत असेल, तर शंकेस भरपूर जागा आहे. या साक्षीदाराची उणीव अशी कीं, ज्या उपद्रवी प्रोग्रामास पूर्ण अधिकार मिळाले तो सिस्टिम३२ मध्येंहि बिऱ्हाड करूं शकतो. म्हणून चुकीचें ठिकाण हा दोषाचा पुरावा म्हणून चालेल, परंतु योग्य ठिकाण हा निर्दोषपणाचा पुरावा म्हणून चालणार नाहीं.

तिसरा साक्षीदार: ठसा

दस्तऐवजावर अंगठा उमटवितात तो कां, हें सर्वांस ठाऊक आहे. फाईलीसहि असा एक ठसा असतो. त्यास ‘हॅश’ म्हणतात. ‘एसएचए-२५६’ नांवाच्या गणिती रीतीनें कोणत्याहि फाईलीपासून, ती एका ओळीची असो कीं हजार पानांची, २५६ बिटांची एक संख्या काढितां येते. ती शून्यापासून नऊपर्यंतचे अंक व ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंतचीं रोमन अक्षरें मिळून ६४ चिन्हांत लिहितात. फाईलींतील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी नवा ठसा जुन्यापासून सर्वस्वीं निराळा निघतो. दोन भिन्न फाईलींचा हा ठसा एकच निघाला असें आजवर एकदांहि आढळलेलें नाहीं. जुन्या ‘एमडी५’ या रीतीची गोष्ट निराळी. एकच ठसा असलेल्या दोन भिन्न फाईली मुद्दाम बनवितां येतात हें २००४ सालीं सिद्ध झाल्यापासून तिचा मान गेला.

ठसा काढणें कठीण नाहीं. विंडोजच्या ‘पॉवरशेल’मध्यें ‘गेट-फाईलहॅश’ हा हुकूम रोमन लिपींत लिहून त्यापुढें फाईलीचें नांव दिलें कीं ठसा पडद्यावर येतो. प्रोग्राम करणाऱ्यांनीं आपल्या संकेतस्थळावर जो ठसा जाहीर केला असेल त्याच्याशीं तो ताडून पाहावा. ६४ च्या ६४ चिन्हें जुळलीं तर वाटेंत कोणी ढवळाढवळ केली नाहीं असें समजावें.

याचें एक उदाहरण पाहूं. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं ‘लिनक्स मिंट’ या मोफत व नांवाजलेल्या प्रणालीच्या संकेतस्थळांत कांहीं दुष्ट लोक शिरले, आणि डाऊनलोडची वाट त्यांनीं आपल्या बनावट फाईलीकडे वळविली. त्या दिवशीं ज्यांनीं ती फाईल घेतली त्यांस ती खऱ्या जागेवरूनच मिळाल्यासारखी वाटली. चालकांनीं ही गोष्ट लगेच जाहीर केली व खऱ्या फाईलींचे ठसे प्रसिद्ध केले. तेव्हां आपली प्रत खरी कीं खोटी हें प्रत्येकास घरबसल्या पाहतां आलें. येथेंच या साक्षीदाराची उणीवहि दिसते. ज्यास संकेतस्थळावरील फाईल बदलितां येते त्यास शेजारीं लिहिलेला ठसाहि बदलितां येईल. म्हणून शक्य असेल तेव्हां ठसा दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून मिळवावा.

चौथा साक्षीदार: सही

ठशाची ही उणीव भरून काढण्यासाठीं डिजिटल सही निघाली. प्रोग्राम करणारी कंपनी फाईलीच्या ठशावर आपल्या गुप्त किल्लीनें सही करिते; त्या किल्लीची जी जाहीर जोडी असते तिनें ती सही कोणासहि पडताळून पाहतां येते. ही जाहीर किल्ली अमक्याच कंपनीची आहे, याची हमी प्रमाणपत्र देणारी तिसरी संस्था देते. फाईलीवर उजवें बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावें. तेथें ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हें पान असल्यास त्यांत सही करणाराचें नांव व सही ग्राह्य आहे कीं नाहीं हें दिसतें. हें पान नसलें म्हणजे फाईल वाईटच असें मात्र नाहीं. पुष्कळ प्रामाणिक छोटे प्रोग्राम सहीवांचून असतात, आणि विंडोजच्या स्वतःच्या कांहीं फाईलींच्या सह्या निराळ्या सूचींत ठेविलेल्या असतात.

सही दोन गोष्टी सांगते: फाईल कोणाची, आणि सहीनंतर ती बदलली आहे कीं काय. फाईल चांगली आहे असें ती सांगत नाहीं. २०१० सालीं उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या उपद्रवी प्रोग्रामाच्या कांहीं फाईलींवर रिअलटेक व जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या सह्या होत्या; त्या चोरलेल्या किल्ल्यांनीं केल्या होत्या. याहून विलक्षण प्रकार २०१७ सालीं घडला. ‘सीक्लीनर’ हा संगणक साफ ठेवण्याचा लोकप्रिय प्रोग्राम. १५ ऑगस्टला त्याची ५.३३ ही आवृत्ति कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून, कंपनीच्या खऱ्या सहीनिशीं बाहेर पडली. परंतु सही होण्यापूर्वींच कोणी कंपनीच्या कोठारांत शिरून तींत विष कालविलें होतें. ही गोष्ट सप्टेंबरांत उजेडांत आली तोंवर सुमारें २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ति बसली होती. मोहोर खरी, थैलीहि बंद, परंतु आंतलें नाणें खोटें, असा हा प्रकार झाला.

पांचवा साक्षीदार: पहारेकरी

ज्यास आपण अँटिव्हायरस म्हणतों तो पहारेकरी आहे. ठाऊक असलेल्या गुन्हेगारांचीं वर्णनें त्याच्याजवळ असतात, आणि संशयास्पद वर्तनहि त्यास कांहीं अंशीं ओळखतां येतें. २००४ सालीं स्पेनमध्यें सुरू झालेल्या व २०१२ पासून गूगलकडे असलेल्या ‘व्हायरसटोटल’ या सेवेंत सुमारें ७० पहारेकऱ्यांचें मत एकदम मिळतें. तेथें फाईल चढविण्याऐवजीं तिचा ठसा शोधणें बरें. ती फाईल पूर्वीं कोणीं तपासली असल्यास निकाल तयारच असतो. घरचे खाजगी कागद तेथें कधींहि चढवूं नयेत, कारण चढविलेल्या फाईली इतर तपासनिसांस पाहतां येतात.

निकाल वाचतांना विवेक पाहिजे. पुष्कळ नामांकित पहारेकऱ्यांनीं एकमुखानें दोष दाखविला तर फाईल टाकून द्यावी. एकाददुसऱ्यानेंच दाखविला तर ती चूकहि असूं शकेल. कोणींच दाखविला नाहीं, आणि फाईल कालच निघालेली आहे, तर एवढेंच सिद्ध होतें कीं अजून कोणीं तिला ओळखलें नाहीं. पहारेकरीहि चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफी या कंपनीच्या नव्या यादीनें विंडोज एक्सपीवरील खऱ्या एसव्हीसीहोस्ट फाईलीसच विषाणु ठरविलें आणि बंदींत टाकलें. त्यामुळें हजारों संगणक पुनःपुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागले.

निरपराध्यास शिक्षा

भोळेपणाप्रमाणें भित्रेपणाहि नुकसान करितो. २००२ सालीं जगभर एक ई-मेल फिरला. त्यांत लिहिलें होतें कीं, ‘तुमच्या संगणकावर जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई नांवाची फाईल शोधा. तिच्यावर अस्वलाच्या बाहुलीचें चित्र असेल. ती विषाणु आहे, तिला पुसून टाका व सर्व मित्रांस कळवा.’ लोकांनीं शोधिलें, तों फाईल सांपडली, अस्वलहि सांपडलें! मग शंका कसली? असंख्य लोकांनीं ती पुसली, आणि तोच निरोप कळकळीनें पुढें धाडिला. वस्तुतः ती मायक्रोसॉफ्टचीच निरुपद्रवी फाईल होती. जावा भाषेंतील प्रोग्राम तपासण्याच्या कामीं ती लागे. येथें विषाणु कोठेंच नव्हता. लोकांच्या भीतीनेंच विषाणूचें काम केलें. ‘सांगितलें तें सांपडलें, म्हणून सांगितलें तें खरें’ असा हा तर्कदोष आहे. फाईल असणें एक, आणि ती दोषी असणें दुसरें. यास्तव अपरिचित फाईल एकदम पुसूंहि नये.

निकाल

आतां पांचहि साक्षी मिळून निकाल कसा करावा? सर्व साक्षी अनुकूल असतील आणि फाईल आपणच, आपल्या गरजेसाठीं, मूळ संकेतस्थळावरून आणिली असेल, तर ती वापरावी. एखादी भक्कम साक्ष विरुद्ध गेली तर ती वापरूं नये. राहिला तिसरा निकाल, आणि विद्यार्थ्यांस तोच सर्वांत कठीण वाटतो: ‘अजून कळत नाहीं.’ असें असतां फाईल चालवूं नये व पुसूंहि नये; जाणत्यास दाखवावी. उत्तर ठाऊक नसतांना तें ठाऊक नाहीं असें म्हणणें ही परीक्षेंत उणीव ठरत असेल, संगणकापुढें तें शहाणपणच ठरतें.

सीक्लीनरच्या प्रसंगीं पहिल्या चार साक्षीदारांपैकीं एकहि विरुद्ध बोलला नसता. म्हणजे शंभर टक्के खात्री कोणत्याहि चौकशीनें मिळत नाहीं. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क एरव्हीं संगणकापासून सुटी ठेवावी, आणि रोजच्या कामास पूर्ण अधिकाराचें खातें वापरूं नये. कुलूप लावूनहि घरांत दागिने ठेवितांना आपण जशी काळजी घेतों तशीच ही होय.

पालकांस विशेष सूचना

मोबाईल हाहि संगणकच आहे. २०२४ सालीं व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईली येऊं लागल्या तेव्हां पोलिसांनीं लोकांस सावध केलें. वाहनाच्या दंडाचें चलान, बँकेची केवायसी, अशाहि नांवांनीं त्या येतात. अशी फाईल फोनवर बसविली आणि तिला मेसेज वाचण्याची परवानगी दिली, कीं बँकेचा ओटीपी परस्पर परक्याच्या हातीं जातो. पत्रिका म्हणजे चित्र किंवा कागद. ती पाहावयाची असते, फोनवर इन्स्टॉल करावयाची नसते, एवढें लक्षांत ठेविलें तरी पुष्कळ झालें. अँड्रॉइड अशा वेळीं ‘अनोळखी ठिकाणचें ॲप बसवूं काय?’ असें विचारितो. त्यास ‘नाहीं’ म्हणावें.

चूक होऊनच गेली तर लाजेनें ती लपवूं नये, आणि मुलानें सांगितली तर त्यास प्रथम रागावूं नये. कारण येथें एकेक मिनिट मोलाचें असतें, आणि मारास भिणारें मूल तेवढाच वेळ गप्प बसतें. इंटरनेट बंद करावें, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, बँकेस कळवावें, आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तात्काळ तक्रार द्यावी.

अभ्यास

१. आपल्या संगणकावरील फाईलींच्या शेपट्या दिसतील असें करा, आणि डाऊनलोड्समधील दहा फाईलींपैकीं माहितीच्या किती व हुकुमांच्या किती तें लिहा.

२. एका साध्या मजकुराच्या फाईलीचा ठसा काढा. तींत एक स्वल्पविराम घालून पुन्हां काढा. ६४ चिन्हांपैकीं आपल्या जागीं किती राहिलीं?

३. टास्क मॅनेजरमध्यें एसव्हीसीहोस्ट शोधून तिचें ठिकाण पाहा.

४. अस्वलाच्या चित्राचा ई-मेल तुम्हांस आला असता, तर पांच साक्षीदारांपैकीं कोणास प्रथम विचारलें असतें, व कां?

५. घरांतील वडील माणसांस एपीके व चित्र यांतील भेद तुमच्या शब्दांत समजावून सांगा. त्यांस तो समजला कीं नाहीं हें त्यांनीं तुम्हांस परत समजावून सांगितल्यावरच ठरवा.